बासमतीवरचा आळ

प्रमाणित करण्यात येते की, श्री. गुरुनाथ विष्णू आगवेकर, वय वर्षे छप्पन्न, मूळ राहणार तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम सरकारी निवासस्थान, सेक्टर सात, चंदीगड, हे केंद्र शासनाच्या सेवेत वरिष्ठ लेखाधिकारी या पदावर कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. उंची मध्यम. वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर तीळ. अवलंबून असलेल्या व्यक्ती : पत्नी एक, कन्या एक. विशेष कौशल्य : निरंक.

यातला शेवटचा 'निरंक' खुद्द आगवेकरांनी लिहून दिलेला आहे, आणि त्यात विनयाचा भाग अजिबात नाही. मोदक करता येणं हे कौशल्य असतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. श्वास घेणं, बेरीज तपासणं आणि मोदकाला कळ्या पाडणं या त्यांच्या मते माणसाने आपसूक करायच्या गोष्टी. ज्याला जमत नाहीत त्याने डॉक्टरला दाखवावं, असं ते म्हणत. हे ते थट्टेने म्हणत.

त्यांना हे आलं कसं, याचा इतिहास साधा आहे. आईला चार मुलगे, मुलगी एकही नाही, आणि घरात गणपती. आईने एका चतुर्थीला चौघांनाही पाटावर बसवून उकडीचा एकेक गोळा हातात दिला. तिघांनी त्याचे बैल केले. धाकट्या गुरुनाथाने पारी केली, कडेने कळ्या काढल्या आणि वर नाक ओढून मोदक ताटात ठेवला. आईने तिघांना नारळ खवायला पाठवलं. ते भाऊ अजूनही नारळच खवतात. एकाचा तर त्यात कारखाना आहे.

चंदीगडातला मराठी माणूस हा बदलीवर आलेला असतो. कुणी हवाई दलात, कुणी सैन्यात, कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारच्या अशा एखाद्या कार्यालयात, ज्याचं नाव सांगून झालं की समोरच्याला पुढे काय विचारावं ते सुचत नाही. एक पंचकुल्यात राहतो, एक एरोसिटीत, एक छावणीत. मंडळाचा अध्यक्ष होतो, गाणी-नाटकांची यादी करतो, आणि यादी पुरी व्हायच्या आत त्याला तेजपूरला जावं लागतं. अशा मंडळात एकच गोष्ट कायम होती : मोदक आगवेकर करतात. त्यांच्या बदलीचा हुकूम दोनदा निघाला आणि दोनदा रद्द झाला. गणपतीने रद्द केला, असं मंडळाचं म्हणणं. तिकडे जागाच रिकामी नव्हती, असं कार्यालयाचं म्हणणं. आगवेकरांनी दोन्ही बाजू ग्राह्य धरल्या होत्या.

शेजारच्या भुल्लर आंटी मोदकाला 'मीठे मोमो' म्हणत. पहिल्या वर्षी आगवेकरांनी त्यांना फरक समजावून सांगितला. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितला. तिसऱ्या वर्षी कुंपणावरून आवाज आला, "आगवेकर जी, मोमो बन गए?" आणि आगवेकर म्हणाले, "दस मिनट, आंटी जी."

घरातला विरोधी पक्ष वेगळा होता. वंदनाताई अकोल्याच्या. त्यांच्याकडे मोदक तळतात.

"आमचा मोदक हातातून पडला तरी फुटत नाही," त्या म्हणत.

"दगडही फुटत नाही," आगवेकर म्हणत.

"काऊन, दगडाले असं सारण असते का?"

एरवी वंदनाताई प्रमाण मराठी बोलत. अकोल्याची बाजू घ्यायची झाली की अकोला जिभेवर येई. हा संवाद दर भाद्रपदात होई, आणि त्यात नवीन मुद्दा कुणीच आणत नसे. संसार टिकण्यासाठी हे पुरेसं असतं.

आणि मग एका भाद्रपदात मंडळाच्या गणपतीत आगवेकरांचे मोदक फुटले.

एखाददुसरा नाही, एखाददुसरा तर फुटतोच, तो घरातल्यांनी खायचा असतो. इथे पारीच नीट होईना. कडा जाड, मध्येच भोक. कळी काढायला जावं तर चिमटीतून उकड निसटे, नाहीतर तुटून हातात येई. पात्रात ठेवलेले मोदक वाफेत आडवे पडले, आणि गुळाचा पाक खाली पाण्यात उतरला. मंडळाच्या सचिव शैलजाताई, म्हणजे विंग कमांडर घाटपांड्यांच्या पत्नी, पात्राचं झाकण काढून बघतच राहिल्या.

आगवेकरांनी हात पुसले आणि एका शब्दात निकाल दिला : "पीठ."

झालं. तिथे जमलेल्या पंधरा-वीस मराठी माणसांना हा निकाल इतका पटला की क्षणभर सगळे खूश झाले. उकडीला आंबेमोहोर लागतो. इथे मिळतो बासमती. लांब, सुगंधी, मोकळा आणि त्यामुळे मोदकाला कुचकामी. हा तांदूळ पुलावाचा, याला जमून राहणं माहीत नाही, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने खतांना दोष दिला, तिसऱ्याने भाक्रा कालव्याच्या पाण्याला, चौथ्याने इथल्या कोरड्या हवेला. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या मुलखाचं पीठ श्रेष्ठ होतं याचा पुरावा हवाच असतो, आणि तो पुरावा इथे गुळाच्या पाकात पडला होता.

घरी आल्यावर वंदनाताई म्हणाल्या, "अहो, पण इतकी वर्षं हाच बासमती चालला ना?"

"पूर्वीचा बासमती राहिला नाही."

"आणि शर्टाची बटणं? ती पण बासमतीची आहेत का?"

आगवेकर टीव्हीकडे पाहू लागले. टीव्ही बंद होता.

बटणांचं असं होतं की काही महिन्यांपासून ती त्यांना लावता येत नव्हती. बोटांत मुंग्या असत, आणि बटण चिमटीत आलं तरी ते काजाच्या तोंडाशी नेईपर्यंत निसटे. आगवेकरांनी टी-शर्ट घालायला सुरुवात केली. कार्यालयात याचं कौतुक झालं. साहेब तरुण झाले म्हणे. सुखना तलावावर फिरायला गेलं की पायातली चप्पल मागे राही आणि ते दोन पावलं पुढे जात. जमीन कापसाची झाल्यासारखी वाटे. त्यांनी चप्पल बदलली, मग चपलेचं दुकान बदललं.

एरवी लेखाधिकाऱ्याचं पहिलं बिंग सहीत फुटलं असतं. पण कार्यालयात आता कागद राहिलेला नाही. फाइल संगणकावर येते, संगणकावरून जाते, आणि सही डिजिटल असते. ती कळ दाबली की उमटते आणि दर वेळी सुबक येते. आगवेकरांच्या आयुष्यात बोटांनी करायचं असं खरं काम वर्षातून एकदाच उरलं होतं, आणि त्याचा दोष तांदळावर गेला होता.

शिवाय ते हाडाचे लेखाधिकारी. प्रत्येक रक्कम योग्य त्या शीर्षाखाली टाकायची सवय. बटणं शिंप्याच्या खाती, चप्पल दुकानदाराच्या खाती, मुंग्या थंडीच्या खाती, मोदक बासमतीच्या खाती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या माणसाने इथे बेरीज तेवढी केली नाही.

माघातल्या गणेशजयंतीसाठी शैलजाताईंनी चंग बांधला. आगवेकरांच्या गावी त्यांच्या थोरल्या वहिनींना फोन गेला. वहिनींनी घरच्या शेतातला तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून पाठवला. कोकणातून येणाऱ्या गाडीने, एका कॅप्टनच्या सासूबाईंच्या सामानातून, ते पीठ चंदीगडला पोचलं. सासूबाई म्हणे वाटेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी बाहेर धुकं इतकं होतं की भुल्लर आंटींचं कुंपण दिसत नव्हतं. आगवेकरांच्या स्वयंपाकघरात वंदनाताई, शैलजाताई आणि कन्या ज्ञानदा. ज्ञानदा वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं. चंदीगडात वाढलेल्या मुलांचं हे असं असतं : आईवडिलांची भाषा त्यांच्याकडे आत येते, बाहेर जात नाही.

आगवेकरांनी पिशवी उघडून वास घेतला. "हं," म्हणाले. "याला म्हणतात पीठ."

उकड काढली. तूप-पाण्याचा हात लावून मळली. ती लोण्यासारखी मऊ झाली होती, अगदी वंदनाताईंनीही मनातल्या मनात मान्य करण्याइतकी. पहिली पारी फाटली. दुसरी फाटली. तिसरीला कळ्या आल्या खऱ्या, पण त्या कळ्या म्हणजे जोरात चावल्याच्या खुणा दिसत होत्या.

शैलजाताईंनी फाटलेल्या पाऱ्या एका वाटीत गोळा केल्या.

"पाणी," आगवेकर म्हणाले. पण या खेपेला कुणी भाक्रा कालव्याचं नाव काढलं नाही.

ज्ञानदाने हात धुतले, त्यांच्या समोर बसली आणि त्याच गोळ्यातली लिंबाएवढी उकड घेतली. कॉलेजात पुठ्ठ्याच्या इमारती कापून कापून तिची बोटं तयार झालेली. अंगठ्याने फिरवत तिने पारी केली, सारण भरलं, कडेने एकेक कळी उभी केली आणि सगळ्या मिटवून वर नाक काढलं. मोदक ताटात ठेवला. तो तिथे व्यवस्थित बसला.

"पापा," ती हळूच म्हणाली, "पीठ तो ठीक है."

आगवेकर त्या मोदकाकडे बराच वेळ पाहत होते. पोरीला येतं याचा आनंद आणि आपल्याला येत नाही याची भीती, दोन्ही एकाच वेळी आत आली, आणि आधी कुणाला बसायला सांगावं ते त्यांना कळेना.

"कुणी शिकवलं तुला?"

"आपने. बचपन से सामने ही तो बैठी हूँ, यार."

शैलजाताई उठून खिडकीशी गेल्या, जिथून धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. वंदनाताईंनी गॅस बंद केला. "उद्या डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. "टी-शर्ट घालून चला, चालेल."

सेक्टरातल्या डॉक्टरांनी दोन्ही हात पाहिले, मग पाय पाहिले, मग मान वाकवायला सांगितली आणि आपण काहीच न करता एमआरआय काढायला पाठवलं. ते चित्र घेऊन आगवेकर कुटुंब शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात न्यूरोसर्जन डॉ. हरलीन ग्रेवाल यांच्यासमोर बसलं. बाहेर पंजाब, हरयाणा, हिमाचल आणि काश्मीर एकाच बाकावर बसले होते, त्यामुळे डॉक्टरांना वेळ कमी होता.

"क्या तकलीफ है जी?"

"खास कुछ नहीं," आगवेकर म्हणाले. "असल में चावल का आटा..."

"आटा?"

इथून पुढे वंदनाताईंनी सूत्रं हाती घेतली. बटणं, चपला, मुंग्या, मोदक, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. इतके महिने जी बेरीज झाली नव्हती ती अकोल्याच्या हिंदीत तिथे झाली. डॉक्टरांनी मध्ये एकदाच अडवलं : "मोदक मतलब?"

"मीठे मोमो," ज्ञानदा म्हणाली. आगवेकरांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी त्यांना मुठी भराभर उघडायला-मिटायला लावल्या. मुठी सावकाश उघडल्या, आणि मिटताना करंगळी मागे राहिली. मग त्यांनी आगवेकरांच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. त्याबरोबर अंगठा आपोआप आत वळला. वरिष्ठांची मंजुरी न घेता कुणी हलावं, हे आगवेकरांना मुळीच आवडलं नाही. शेवटी एका रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालायला सांगितलं. रेषा सरळ होती.

"हातात काही नाही झालेलं," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या आणि चित्र उजेडावर धरलं. "ही मान. या मणक्यांमधल्या चकत्या झिजून मागे सरकल्यात, हाड वाढलंय, आणि इथे, बघा, मज्जारज्जू दाबला गेलाय. बागेतल्या पाण्याच्या नळीवर वीट ठेवावी तसा. पाणी हातांना कमी पोचतंय. आता पायांनाही. दुखत नाही ना?"

"अजिबात नाही."

"म्हणूनच लोक उशिरा येतात."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, गोड न करता. मानेच्या पुढून छोटी चीर द्यायची, दाबणाऱ्या चकत्या काढायच्या, तिथे आधार बसवायचा, वर पट्टी. आवाज काही दिवस बसेल, गिळायला त्रास होईल. क्वचित, फार क्वचित, अशक्तपणा वाढतोही. गेलेलं सगळं परत येईल असं वचन नाही. पण जे आहे ते राहील. ऑपरेशन केलं नाही तर जे आहे तेही हळूहळू जाईल, आणि ते कधी जाईल याची सूचना येणार नाही.

आगवेकरांनी विचारलं, "गणपती के बाद करें तो?"

"गणपती कब हैं?"

"सितंबर."

"तब तक चम्मच भी हाथ में रहे, मैं नहीं कह सकती." त्यांनी चित्र पाकिटात घातलं. "और एक बात, सर. हमारी तरनतारन में ज़मीन है. तीन पीढ़ियों से बासमती लगाते हैं. बासमती में कोई ख़राबी नहीं है."

घरी आल्यावर आगवेकरांनी ऑपरेशनला नकार दिला. कारण होतं शंकरकाका.

शंकरकाका म्हणजे आगवेकरांचे चुलते. त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं आणि ते जन्माचे अंथरुणाला खिळले, ही गोष्ट आगवेकरांच्या घराण्यात रामायणाइतकी पक्की होती. लहानपणी मागच्या खोलीतली ती खाट त्यांनी स्वतः पाहिली होती. काकांना चमच्याने भात भरवलेलाही पाहिला होता. मणक्याला हात लावला की माणूस संपला, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्या खाटेवरून त्यांनी स्वतःच ताडलं होतं.

"मला काकांसारखं नाही व्हायचं," ते म्हणाले. गेल्या वर्षभरात ते पहिल्यांदाच खरं बोलले होते, त्यामुळे वंदनाताई भांडल्या नाहीत. त्यांनी गावी वहिनींना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला.

वहिनींचं वय अडुसष्ट, आवाज पंचविशीतला. "गो वंदना, पीठ कसं होतं?"

"पीठ छान होतं, वहिनी. शंकरकाकांच्या मानेचं ऑपरेशन कुठे झालं होतं, आठवतं का?"

"ऑपरेशन?" पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "त्यांनी ऑपरेशन केलंनी कुठे? मुंबईस नेलेले ना. डॉक्टर म्हणाला, आठवड्यात कापायला हवं. काका घाबरले नि रात्रीच्या बोटीने परत आले. मग काय, हात गेले, मग पाय गेले. बारा वर्षं मी काढलं त्यांचं."

आगवेकर फोनच्या जवळ सरकले. "वहिनी, पण सगळे तर म्हणायचे, ऑपरेशन झालं म्हणून—"

"पळून आलेनी असं कोण सांगेल रे बाबा चारचौघांत? ऑपरेशन झालं म्हणायचं नि गप्प बसायचं. का रे, तुला काय झालंय?"

आगवेकरांच्या हिशेबात पन्नास वर्षं एक रक्कम चुकीच्या बाजूला लिहिलेली होती, आणि ती त्यांनीच तपासून बरोबर ठरवली होती.

"काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "मानेचं ऑपरेशन करतोय."

हॉस्पिटलाबाहेर लंगर लागतो. रुग्णांचे नातेवाईक तिथे रांगेत उभे राहून डाळ-फुलका घेतात आणि पदपथावर बसून जेवतात. वंदनाताईंनी पहिल्या दिवशी डबा आणला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेत उभ्या राहिल्या. वाढणाऱ्या सरदारजींनी त्यांना विचारलं, "माता जी, मरीज़ कौन है?" त्या म्हणाल्या, "मिस्टर." त्यांनी एक फुलका जास्त वाढला.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी आगवेकरांना नाव विचारलं. त्यांनी पदनामासकट सांगितलं. कशाचं ऑपरेशन आहे, असं विचारल्यावर "मान" म्हणाले. आणि ढकलगाडी वळता वळता वंदनाताईंचा हात धरला. पकड ढिली होती. वंदनाताईंनी मग दोघांच्या वाटची पकड एकटीनेच धरली.

नंतर नुसतं बसणं. शैलजाताई थर्मास घेऊन आल्या. ज्ञानदा समोरच्या इमारतीचं चित्र काढत होती. एकच खिडकी तिने पुन्हा पुन्हा काढली. वंदनाताई अचानक म्हणाल्या, "मी नवस बोललेय."

"काय?"

"यांची बोटं शाबूत राहू दे. वर्षभर उकडीच्या मोदकाला नावं ठेवणार नाही."

शैलजाताईंनी कपात चहा ओतला. "वर्षभर? झेपेल का तुम्हाला?"

"बघू," वंदनाताई म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. ज्ञानदाने वही मिटून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "होगा, मम्मा. नवस भी होगा, बोटं भी," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'बोटं' हा शब्द पहिल्यांदाच बाहेर आला होता. तो कुणी मुद्दाम टिपला नाही.

दुपारी डॉ. ग्रेवाल टोपी काढत बाहेर आल्या. "वीट हटा दी है," त्या म्हणाल्या. "अब पानी अपने टाइम से पहुँचेगा."

संध्याकाळी आगवेकर जागे झाले. मानेला पट्टा, घशात काटे. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. दहाही हलली, करंगळी आळशीपणाने, पण हलली. पायांची हलली. मग त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. आवाज इतका बसलेला होता की वंदनाताईंना कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"काय म्हणाले?" शैलजाताईंनी विचारलं.

"गावचं पीठ उरलंय का, विचारतायत."

उरलं होतं, आणि ते कामी आलं. पहिले दिवस आगवेकरांना पोळी उतरेना, भात उतरेना. वंदनाताई त्या पिठाची ताकातली उकड करून नेत. लसूण आणि मिरची बेताची, तूप सढळ. आगवेकर डोळे मिटून चमचा चमचा गिळत. कोकणातून मांडीवर बसून आलेलं ते पीठ मोदकासाठी आलं होतं, पण घसा बरा होईपर्यंत ते असंच संपलं. वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटातच गेलं ना? मग झालं."

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपिस्टने बोटांत दाबायला एक हिरवा लगदा दिला. आगवेकरांनी तो दोनदा मळून पाहिला. "उकड कच्ची राहिलीय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. वंदनाताईंनी तो लगदा ठेवून दिला आणि रोजची कणीक त्यांच्यासमोर ठेवली. पुढचे काही महिने घरातल्या पोळ्यांना निराळे आकार आले. भुल्लर आंटींनी एक पाहून विचारलं, "यह महाराष्ट्र का नक्शा है?" आगवेकर म्हणाले, "विदर्भ, आंटी जी. वाइफ की साइड."

टी-शर्ट कपाटात गेले. सकाळी ते शर्ट घेऊन खुर्चीत बसत आणि वरून खाली बटणं लावत जात. वंदनाताई मदत करत नसत. दाराशी उभ्या राहून म्हणत, "चहा गार होऊन राहिला बरं का," आणि आत जाऊन चहा पुन्हा तापवत. हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही. मानेचा पट्टा निघाल्यावर सुखना तलावावर फिरणं सुरू झालं. चप्पल पायात राहू लागली. जुनीच.

सगळं परत आलं नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत अजून मुंग्या असतात, आणि हिवाळ्यात ती इतरांपेक्षा आधी गार पडतात. तपासणीच्या वेळी डॉ. ग्रेवाल यांनी पुन्हा मुठी उघडायला-मिटायला लावल्या आणि समाधानाने मान हलवली. "और आटा?" त्यांनी विचारलं. आगवेकर हसले, आणि लेखाधिकारी माफी मागतो ती अशीच.

श्रावण संपताना शैलजाताईंचा फोन आला. "आगवेकर साहेब, यंदा पिठाचं काय करू या? वहिनींना सांगू का?"

"नको," आगवेकर म्हणाले. "त्यांना उगाच त्रास."

चतुर्थीच्या सकाळी स्वयंपाकघरात दोन पाट मांडले होते. एकावर आगवेकर, समोर ज्ञानदा. आगवेकरांच्या कळ्या पूर्वीपेक्षा कमी पडल्या आणि थोड्या जाड. त्यांचा एक मोदक होई तेवढ्या वेळात ज्ञानदाचे दोन होत. पण पारी फाटली नाही, नाक आलं, आणि वाफेतून निघालेला मोदक ताटात होता तसाच उभा राहिला. शैलजाताईंनी झाकण काढून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं, इतकंच. वंदनाताईंनी तूप घालून एक खाल्ला. नवसाची मुदत अजून संपलेली नव्हती. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि तिसऱ्यांदा दुसरा मोदक घातला. कुंपणावरून हाक आलीच : "मोमो बन गए जी?"

त्याच आठवड्यात कार्यालयाच्या नोंदीत पुढील मजकूर चढला : प्रमाणित करण्यात येते की, श्री. गुरुनाथ विष्णू आगवेकर, वरिष्ठ लेखाधिकारी, हे मानेच्या मणक्यावरील शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय मंडळापुढे तपासणीस हजर झाले असून, जड वजन उचलणे वगळता सर्व शासकीय कर्तव्ये पूर्ववत पार पाडण्यास ते सक्षम आहेत. हातांच्या सूक्ष्म हालचाली : समाधानकारक. विशेष कौशल्य : निरंक.

पीठ बासमतीचंच होतं.